एवढासा गुलाब

एका रविवारची दुपार. जेवणं उरकून, मागचं आवरून आम्ही बायका जरा पाठ टेकतो न टेकतो, तोच माझी भाची जवळ सरकली आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "मावशी, यातला कुठला घेऊ?" मला वाटलं, कानातलं असेल. चष्मा शोधून पाहिलं, तर गुलाब! हात न उचलता एकाच रेषेत काढलेला गुलाब, नुसती कळी, देठाला एकच पान असलेला गुलाब, पाकळ्यांच्या जागी नुसती एक गिरकी असलेला गुलाब. कुणाच्या घोट्यावर, कुणाच्या कानामागे, कुणाच्या खांद्यावर. पन्नासेक तरी असतील. "मनगटावर काढून घ्यायचाय," ती म्हणाली, "अगदी साधा. एवढासा." आणि तिने करंगळीचं पेर दाखवलं.

पुढे घरात जे व्हायचं ते झालं. ताई ताडकन उठून बसली. "उद्या स्थळं यायला लागली म्हणजे काय सांगायचं?" भावजींनी वर्तमानपत्र खाली न घेताच निकाल दिला, "हे असलं अंगावर कोरून घेणं आपल्या संस्कृतीत बसत नाही." भाची फुरंगटली. मग मराठी घरात चर्चा म्हणून जे काही होतं, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी बोलणं, ते अर्धा तास झालं.

या अर्ध्या तासात दिवाणावर बसून माझी आई मटार सोलत होती. वय वर्षं चौऱ्याऐंशी. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तिच्या चंद्रकोर आहे, खाली पाच ठिपके आहेत. डाव्या हातावर तुळशीवृंदावन आहे. हनुवटीवर एक हिरवा ठिपका आहे. संस्कृतीचा निकाल लागत असताना त्या हातांकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही. माझंही जरा उशिरानेच गेलं.

आईचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. ती नऊ वर्षांची असताना गावच्या जत्रेच्या दिवसांत गोंदणारीण आली. दोघींनी हात धरून ठेवला, तिसरीने पाय. दिव्याची काजळी कसल्याशा पाल्याच्या रसात खललेली, आणि दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया. गोंदणारीण टोचताना गाणं म्हणत होती. पोरीचं रडणं त्या गाण्यात बुडावं, अशीच ती सोय असावी. वरून हळद चोळली. मोबदला म्हणून सूपभर जोंधळे आणि एक जुनं लुगडं. पोर हुंदके देत होती तेव्हा तिच्या आजीने समजूत घातली ती अशी, की बाकीचे डाग शेवटी घरचे काढून घेतात, हा एवढाच दागिना बाईबरोबर वर जातो. नऊ वर्षांच्या मुलीची समजूत घालायची ही तऱ्हा! पण गावोगावच्या आज्या हेच सांगत आल्या.

लग्न होऊन आई पुण्यात आली. वाड्यात बिऱ्हाड मिळालं. शेजारपाजारच्या बायका वाईट नव्हत्या. पण एकीने एकदा नळावर विचारलं, "तुमच्यात गोंदतात वाटतं?" बस, एवढंच. त्या महिन्यात आईने शिंप्याकडून मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. वैशाखातसुद्धा तिने ते सोडले नाहीत. हनुवटीच्या ठिपक्यावर पावडर बसू लागली. आणि आता सांगितलंच पाहिजे असं एक सांगते. मी सातवीत असताना शाळेत पालकांना बोलावलं होतं. निघताना मी आईला म्हटलं होतं, "पदर जरा हनुवटीपर्यंत घे ना." तिने घेतला. काही बोलली नाही. त्या गोष्टीला पन्नासच्या वर वर्षं झाली. मी तिच्याशी त्याबद्दल कधी बोललेले नाही.

म्हणून भावजींचं ते वाक्य मला लागलं. बसत नाही कसं? चांगलं शेकडो वर्षं बसलंय. ते बायकांच्या, गावातल्या, रानातल्या हातांवर होतं म्हणून आपण त्याला संस्कृती म्हटलं नाही, इतकंच. त्याचं नाव टॅटू झालं, त्याला वातानुकूलित खोली आणि आरामखुर्ची मिळाली, तेव्हा कुठे ते आपल्या दिवाणखान्यात चर्चेला आलं. कुणाच्या हातावरचं गोंदण मागासलेपण ठरतं आणि कुणाच्या हातावरचं हौस ठरतं, याचा हिशेब आपण एकदा मांडायला हवा.

मात्र याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं, असाही मी काढत नाही. हल्ली गोंदणावर फार गोड गोड लिहिलं जातं. त्यात तीन जणींनी धरून ठेवलेली नऊ वर्षांची मुलगी कुठे दिसत नाही. तिला कुणी विचारलं होतं? लग्नानंतर हातावर नवऱ्याचं नाव गोंदवलं जाई, नवऱ्याच्या हातावर बायकोचं क्वचितच. सुई कुणाच्या हातात आहे आणि मर्जी कुणाची आहे, यावर त्या खुणेचा अर्थ ठरतो. इंग्रजांच्या राज्यात, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवत. 'गोदना' हाच शब्द सरकारी कागदांत आहे. ही शिक्षा १८४९ साली बंद झाली. आणि ऑश्विट्झच्या छळछावणीत माणसांच्या हातावर आकडे गोंदले गेले, हे तर सगळ्या जगाला ठाऊक आहे. तीच सुई, तीच शाई, तेच कातडं. तेव्हा गोंदून घेणं चांगलं की वाईट, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे.

आता गुलाबाकडे वळू.

आईच्या पिढीतल्या जेवढ्या हातांवरचं गोंदण मी पाहिलं, त्यात तुळस होती, चंद्रकोर होती, लक्ष्मीची पावलं होती, मोर होता, विंचू होता. गुलाब मला आठवत नाही. नवल नाही. आपल्याकडे गुलाब आला तो नावासकट फारसीतून. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. म्हणजे ज्याला आपण फुलाचं नाव समजतो ते खरं गुलाबपाण्याचं नाव! लग्नातल्या गुलाबदाणीत, विड्यातल्या गुलकंदात, दर्ग्यावरच्या चादरीत गुलाब रुळला. नाशिकचं नावच मोगलाईत गुलशनाबाद होतं. पण कातडीवर तो उतरला तो फार पुढे, आणि आला तो थेट सातासमुद्रापलीकडून.

त्याची ही वाट मोठी गमतीची आहे. 'टॅटू' हा शब्द युरोपात गेला पॅसिफिकमधल्या बेटांवरून. कॅप्टन कुकचं जहाज १७६९ मध्ये ताहितीला लागलं, तिथला 'तताऊ' खलाशांनी उचलला आणि अंगावर नक्षी घेऊन ते घरी परतले. पुढे १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचं पेटंट घेतलं. ते बेतलेलं होतं एडिसनच्या विजेच्या लेखणीवर. कागदाला भोकं पाडून नकला काढण्यासाठी केलेलं यंत्र माणसाच्या कातडीकडे वळलं! बंदराबंदरातल्या दुकानांतून मग गुलाब फुलू लागला. जाड काळी कड, आत लालभडक पाकळ्या, हिरवीगार पानं. होनोलुलूचे नॉर्मन कॉलिन्स, ज्यांना सगळे सेलर जेरी म्हणत, ते या शैलीतले नामवंत. १९७३ मध्ये ते वारले. महिनोन्महिने समुद्रावर असणाऱ्या खलाशाला दंडावर एक फूल, फुलाखाली फडफडती पट्टी आणि पट्टीवर आईचं किंवा प्रेयसीचं नाव हवं असे. आपल्या ट्रकमागची चित्रं आठवा. तोच रांगडा जिव्हाळा.

आमच्या भाचीच्या मोबाइलमधला नाजूक गुलाब मात्र या घराण्यातला नव्हे. त्याचं कूळ निराळं आहे आणि ते तिला ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या तुरुंगांत मेक्सिकन वंशाचे कैदी एकमेकांना गोंदत, ते गिटारच्या तारेची सुई आणि टेपरेकॉर्डरची मोटर जोडून. सुई एकच, शाई काळीच. त्यातून अतिशय बारीक रेषेची आणि करड्या छटांची एक शैली तयार झाली. ग्वादालूपेची माता आणि गुलाब हे तिचे आवडते विषय. १५३१ मध्ये एका गरीब माणसाच्या अंगरख्यातून ऐन हिवाळ्यात गुलाब सांडले, ही त्या मातेची कथा मेक्सिकोत घराघरात सांगतात. १९७५ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमध्ये ही शैली तुरुंगाबाहेर दुकानात आली. पुढे तिला आणखी नजाकत आणली ती दक्षिण कोरियातल्या कलाकारांनी. तीही कशी, तर लपूनछपून. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये गोंदणं हे वैद्यकीय काम ठरवलं, त्यामुळे डॉक्टरखेरीज कुणी गोंदलं तर तो गुन्हा होता. तो निर्बंध सैल करणारा कायदा तिथल्या संसदेने मंजूर केला तो २०२५ मध्ये. तेव्हा ज्याला आपण नाजूक, शोभिवंत, शहरी म्हणतो, त्या गुलाबाचा जन्म कोठडीतला आणि वाढ चोरून झालेली आहे. ताईला हे सांगितल्यावर तिचा विरोध दुप्पट झाला, हे वेगळं.

आणि 'मिनिमल' हा शब्द कितीही नवा असला तरी गोष्ट नवी नाही. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. त्याच्या अंगावर ६१ गोंदणखुणा मोजल्या गेल्या. सगळ्या नुसत्या रेघा आणि फुल्या, काजळीने भरलेल्या. आईच्या हनुवटीवरच्या एका ठिपक्यापेक्षा साधं आणखी काय असणार? आपल्याकडे वारली चित्रकाराने वर्तुळ, त्रिकोण आणि रेघ एवढ्यावर माणसं नाचवली. थोडक्यात काढणं आपल्या बायकांना शिकवावं लागलं नाही. ठिपक्यांच्या रांगोळीने ते शिकवलेलंच होतं.

पण थोडक्यात काढणं म्हणजे सोपं काढणं नव्हे. इथेच तरुण मुलामुलींची फसगत होते. भरगच्च चित्रात एखादी रेघ चुकली तर ती झाकते. चार रेघांच्या गुलाबात एक हलली तर पंचवीस टक्के गुलाब बिघडला! शिवाय कातडी म्हणजे कागद नव्हे. वरचा थर काही आठवड्यांत झडून नवा येतो. शाई राहते ती त्याच्या खालच्या थरात, मिलिमीटर-दोन मिलिमीटर खोल. तिथे शरीरातल्या पहारेकरी पेशी ती परकी वस्तू समजून गिळतात आणि पचवता येत नाही म्हणून पोटात धरून बसतात. फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की अशी पेशी मेली की तिच्यातली शाई शेजारी आलेली नवी पेशी उचलते. म्हणजे आईच्या हातावरची तुळस पंचाहत्तर वर्षं पिढ्यान्‌पिढ्यांच्या पेशी एकमेकींच्या ओटीत घालत आल्या आहेत. या हस्तांतरात कडा थोड्या फाकतात, रेघ जाडावते. काजळी काळी असूनही कातडीखालून निळसर हिरवी दिसते, ते प्रकाशाच्या विखुरण्यामुळे. आईच्या वृंदावनाच्या कडा आता पुसटल्यात, पण ते वृंदावन आहे हे लांबूनही ओळखू येतं. याचं कारण काढणारीने आत भरपूर मोकळी जागा सोडली होती. ती निरक्षर बाई होती, पण साठ-सत्तर वर्षांनंतरचा हात तिला दिसत असावा.

हेच मी भाचीला म्हटलं. करंगळीच्या पेराएवढ्या गुलाबात पाकळ्यांच्या सात गिरक्या काढून घेशील, तर आज मोबाइलमध्ये फोटो झकास येईल. दहा-पंधरा वर्षांनी त्या गिरक्या एकमेकींत मिसळून तिथे एक निळा डाग उरेल आणि लोक विचारतील, काय लागलं गं? एवढासाच हवा असेल तर रेघा तीन-चारच हव्यात. जास्त पाकळ्या हव्या असतील तर आकार रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा घे. चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला धरून गुलाब वाटतो का ते बघ. कोबी वाटला तर सोडून दे.

दुसरा प्रश्न, कुठला गुलाब? या सगळ्या चित्रांत एकच गुलाब आहे, हे तिच्या लक्षात आणून दिल्यावर ती जरा वरमली. उंच टोकाची, घट्ट गिरकीची ती कळी म्हणजे फुलवाल्याकडे पारदर्शक कागदात मिळणारा डच गुलाब. मावळातल्या हरितगृहांतून व्हॅलेंटाइन दिवसासाठी परदेशी जातो तोच. त्या जातकुळीतला पहिला गुलाब 'ला फ्रान्स' १८६७ मध्ये आला असं मानतात. म्हणजे ही गिरकी काही अनादि नाही. आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात गावठी गुलाब होता. आईच तो लावायची. पाकळ्या सैल, विसकटलेल्या, रंग मळका गुलाबी, आणि वास असा की पितळी तबकात चार फुलं ठेवली की खोली भरायची. त्याचा गुलकंद व्हायचा. त्याचं चित्र मला या पन्नासांत कुठेच दिसलं नाही. आणि रानगुलाबाला तर पाकळ्या पाचच असतात. मध्ये केसरांचा पुंजका, भोवती पाच पाकळ्या. याहून साधा, याहून सुटसुटीत गुलाब कुणाला सुचणार आहे? पण त्याला गुलाब म्हणून ओळखणारे कमी, म्हणून तो कुणी घेत नाही. मला विचाराल तर हेच तो घ्यायचं कारण.

ज्यांना फूल ओळखू यायलाच हवं, त्यांच्यासाठी काटा आहे. देठाची एक रेघ, तिला एक पान आणि एकच काटा. वनस्पतिशास्त्र सांगतं की गुलाबाचा काटा हा बाभळीच्या काट्यासारखा आतून आलेला नसतो. तो सालीच्या वरच्या थराचाच फुगवटा असतो, म्हणून बोटाने रेटला तरी मोडतो. थोडक्यात, गुलाबाचा काटा ही कातडीचीच करामत. गोंदणाला याहून शोभणारं काय? आणि पान काढायचं तर गुलाबाच्या पानाला पाच किंवा सात पर्णिका असतात आणि कडा करवतीसारख्या. पिंपळाचं पान चिकटवून त्याला गुलाब म्हणणारे कलाकारही मी त्या मोबाइलमध्ये पाहिले.

तिसरा पर्याय भाचीनेच काढला, तो पुढे सांगते.

रंगाचं म्हणाल तर आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर काळ्यासारखा रंग नाही. फिकट गुलाबी, पिवळा, पांढरा हे गोऱ्या कातडीवरच्या फोटोंत पाहून घ्यावेत आणि तिथेच सोडावेत. लाल मोहवतो खरा, पण गोंदणाच्या शाईतला लाल हाच सर्वांत जास्त जणांना खाज, पुरळ, गाठी असला त्रास देतो, हे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. शाईत काय असतं याची काळजी युरोपात इतकी वाढली, की जानेवारी २०२२ पासून तिथे हजारो रसायनांवर मर्यादा आल्या. आपल्याकडे बाटलीवरचं लेबल वाचायला मागणं एवढं तरी आपल्या हातात आहे. जागेचं असं, की बोटं, तळहाताची कड, पावलाच्या बाजू इथली शाई लवकर उडते. दंडाची किंवा हाताची आतली बाजू बरी. ज्यांच्या जखमेवर जाड वण उठतो, त्यांनी या भानगडीत न पडणंच उत्तम. आणि गोंदून घेतल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हे नियमित रक्तदात्यांनी आधी ध्यानात घ्यावं.

जत्रेतल्या गोंदणाबद्दल मात्र मला भावनेला बाजूला ठेवून बोलायचंय. आता तिथेही यंत्र आहे, बॅटरीवर चालतं, आणि रांगेतल्या सगळ्यांना एकच सुई लागते. दोन घरांमधल्या सुईतून कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, काय काय जाऊ शकतं हे नव्याने सांगायला नको. आईच्या काळात हे कुणाला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक असून शे-दीडशे रुपयांसाठी तिथे हात पुढे करणं याला परंपरा म्हणता येणार नाही. नवी सुई आपल्यासमोर पाकिटातून काढली, शाई छोट्या वाटीत वेगळी ओतली, हातमोजे बदलले, एवढं दिसल्याशिवाय बाही वर करू नये.

या जत्रेच्याच गुलाबाने आमच्या नात्यातल्या एका मुलीला रडवलंय. सतराव्या वर्षी मैत्रिणींबरोबर गेली आणि उजव्या हातावर, मनगटाच्या वर, एक गुलाब घेऊन आली. छोटासाच, साधाच. पुढे तिच्या मनाने घेतलं की केंद्रीय दलात भरती व्हायचं. पहाटे चारला उठून धावायची. मग नियम वाचले. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत गोंदण चालतं, पण धार्मिक चिन्ह, आकृती किंवा नाव. तेही डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर, कारण उजवा हात सलामीचा. आणि आकार त्या भागाच्या पावभागाहून कमी. हिच्याकडे आकार सोडला तर काहीच नियमात बसेना. उजवा हात आणि गुलाब! आजीसारखी तुळस डाव्या हातावर असती तर कदाचित निभावलं असतं. असले वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. पण गावातल्या शेतकऱ्याच्या मुलीला ती वाट कुठली परवडायला? तिने लेसरने काढायचं ठरवलं. लेसर शाईचे कण फोडतो, मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. एका खेपेत होत नाही, दोन खेपांमध्ये काही आठवडे जावे लागतात, आणि सावळ्या कातडीत शाईबरोबर कातडीचा स्वतःचा रंगही जाण्याची भीती असते. हिचं तसंच झालं. दीडशे रुपयांचा गुलाब काढायला तिच्या वडिलांनी एक गाभण म्हैस विकली. गुलाब गेला, त्याच्या जागी गुलाबाच्याच आकाराचा पांढुरका चट्टा राहिला. ती अजून धावतेय.

म्हणून "इतका छोटा तर आहे, त्यात काय?" हे ऐकलं की मला राग येतो. गोंदण आकाराने छोटं असतं, मुदतीने नव्हे. दुकानदार आणि घरातले विरोधक, दोघेही या बाबतीत मुलांना लहान समजतात. एक म्हणतो, "काही होत नाही." दुसरा म्हणतो, "नाव काढू नकोस." माझं म्हणणं एवढंच, की अठरा पूर्ण झालेल्या मुलीला सगळं सांगावं, शाईचं, सुईचं, नोकरीचं, वीस वर्षांनंतरच्या रेघेचं. आणि मग हात तिचा आहे. स्थळांचं म्हणाल, तर जे स्थळ मनगटावरच्या एका गुलाबावरून परत जाईल, ते परत गेलेलं बरं. ताई या वाक्यावर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

भाचीला मी एकच अट घातली. महिनाभर रोज सकाळी बॉलपेनने स्वतःच्या हाताने तो गुलाब हातावर काढायचा. कंटाळा आला तर प्रश्नच मिटला. पहिल्या आठवड्यात तिने डच कळी काढली, दुसऱ्यात नुसती गिरकी. तिसऱ्या आठवड्यात मनगट सोडून ती चार बोटं वर सरकली आणि डाव्या हातावर आली. गेल्या बुधवारी पाहिलं तर रेघच नव्हती. नुसते ठिपके होते. मध्ये एक, भोवती पाच, आणि त्या पाचांबाहेर पाकळ्यांची कड दाखवणारे आणखी काही, सुटे सुटे. लांबून पाहिलं की रानगुलाब. "हे पाच कुठून आले?" मी विचारलं. तिने दिवाणाकडे बोट दाखवलं.

आईने चष्मा लावून तो हात आपल्या मांडीवर घेतला. मग स्वतःच्या ब्लाउजची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले. वृंदावनाला वर डाव्या अंगाला एक छोटी फांदी फुटलेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी जन्मल्यापासून तो हात पाहत आलेय.

"याला देठ नाही गं," आई म्हणाली.

"नकोच आहे, आजी."

"बरं. पोरगी रडली तर धरायला कुणाला नेणारेस?"

"कुणी धरत नाही आता."

आईने मान डोलावली. मग विचारलं, "आणि घेणार किती?"

"साडेतीन हजार."

आई बराच वेळ त्या ठिपक्यांकडे पाहत राहिली. "साडेतीन हजार," ती म्हणाली, "आणि जुनं लुगडं वेगळं द्यायचं का?"